नव्या गाडीचं ऑइल गळतंय? आधी पुसा, पान्ह्याचं मग बघू

शोरूममधून आणलेल्या मोटरसायकलखाली महिन्याभरात काळा डाग दिसला की पोटात गोळा येतो. कर्जाचे हप्ते नुकते कुठे सुरू झालेले असतात. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर "नव्या गाडीला थोडं येतं, सेट होईल" असं सांगून ते मोकळे होतात. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, "घेऊन या, दोन बोल्ट आवळून देतो." दोघांचंही ऐकू नका. इंजिन सेट होतं म्हणजे पिस्टनच्या रिंगा बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्यात बसतात. पॅकिंग (दोन भागांच्या जोडातला पातळ थर) आणि ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवतीचं रबराचं कडं) सेट होत नसतात, ते पहिल्या दिवसापासून कोरडेच असायला हवेत. आणि वॉरंटी आहे तोवर बोल्ट आवळणं हे तुमचंही काम नाही आणि ओळखीच्या मेकॅनिकचंही नाही. तुमचं काम एवढंच, की ऑइल नेमकं कुठून येतंय ते शोधायचं आणि ते कागदावर आणायचं.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनावर काम केलं. आता निवृत्त होऊन कराडला असतो. कॉलनीतली पोरं-पोरी गाड्या घेऊन येतात, "काका, जरा बघा ना." बसचं डिझेल इंजिन आणि मोटरसायकलचं इंजिन यात फरक पुष्कळ आहे, पण ऑइल बाहेर यायच्या वाटा दोन्हीकडे त्याच: पॅकिंग, सील, ओ-रिंग, वायसर, नाहीतर धातूला गेलेला तडा.

आधी ते ऑइलच आहे का, ते बघा

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरा. जुनी खोकी उलगडून जोडली तरी चालतील, फक्त इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत पुरेल एवढा पुठ्ठा हवा. सकाळी थेंब कुठे पडलाय त्याभोवती पेनानं गोल करा आणि त्याच्या बरोबर वर गाडीचा कोणता भाग येतो ते बघा. बोट लावून चोळा. इंजिन ऑइल नवं असताना मधाच्या रंगाचं असतं आणि काही शे किलोमीटरनंतर काळपट तपकिरी होतं. बोटात गुळगुळीत लागतं, वाळत नाही.

चिकट, धूळ धरलेला काळा थर मागच्या चाकाच्या रिमवर आणि चेन कव्हरच्या आत असेल तर ते बहुतेक चेनला मारलेलं ल्यूब असतं. नव्या गाडीच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पेट्रोल वासावरून कळतं आणि उडून जातं. कूलंट पाण्यासारखं पातळ आणि रंगीत असतं, ते फक्त रेडिएटर असलेल्या गाडीत. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या पाइपवर तेलाचं कडं दिसलं तर ते फोर्कचं ऑइल, इंजिनाचा त्यात संबंध नाही. सकाळी सायलेन्सरमधून टपकतं ते पाणी असतं. पहिल्या दिवसांत सायलेन्सरवरून थोडा धूर आणि वास येतो, तो वरचा लेप जळल्याचा.

ब्रेक ऑइल मात्र ओळखायलाच हवं. ते पातळ आणि फिकट पिवळसर असतं, आणि रंगावर पडलं तर रंग सोडवतं. हँडलपाशी, ब्रेकच्या होजवर किंवा कॅलिपरजवळ असलं काही दिसलं तर तो भाग लगेच पाण्यानं धुवा आणि गाडी चालवू नका.

इंजिन ऑइलच्या बाबतीतही एक नियम मी कुणाला मोडू देत नाही. ऑइल मागच्या टायरवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर पोचलं असेल तर गाडी जाग्यावर उभी करायची. घाटात गाडी आडवी केली आणि टायरच्या कडेला ऑइल असलं तर सावरायला वेळ मिळत नाही. आधी टायर साबणाच्या पाण्यानं धुवा, आणि डिस्क 'ब्रेक क्लीनर'नं स्वच्छ करा. ब्रेक पॅड तेलात भिजले असतील तर पुसून भागत नाही, बदलावेच लागतात. मग कंपनीच्या रोडसाइड मदतीला फोन करा नाहीतर टेम्पोत टाकून न्या. सर्व्हिस सेंटर जवळ आहे म्हणून "हळूहळू नेतो" असं म्हणू नका.

पातळी बघायची खरी पद्धत

शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत सगळं मिळून एक लिटरच्या आसपास ऑइल असतं. त्यातलं दोनशे मिली गेलं म्हणजे पाचवा हिस्सा गेला. अशा बऱ्याच गाड्यांना ऑइल प्रेशरचा दिवा नसतो, त्यामुळे ऑइल कमी झाल्याचं सांगणारी एकच गोष्ट राहते, ती म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी, इंजिनात घालून काढायची पट्टी.

सपाट जागेवर गाडी मधल्या स्टँडवर घ्या. नुसता साइड स्टँड असेल तर कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा, कारण कलत्या गाडीची पट्टी खोटं सांगते. दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, तेवढाच वेळ थांबा. पट्टी काढून पुसा, परत घाला, काढून बघा. पट्टी घालताना आटे फिरवून घट्ट करायची की नुसती टेकवायची, हे कंपनीगणिक वेगळं असतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत नुसती टेकवायची असते. मॅन्युअलमध्ये एका ओळीत दिलेलं असतं, तेवढं वाचा. बाजूला काचेची खिडकी असलेल्या इंजिनात दोन रेघांच्या मध्ये पातळी हवी.

पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर पहिल्या सर्व्हिसला ऑइल जास्त भरलं गेलंय. गाडीला आठशे-नऊशे मिली लागत असताना लिटरची अख्खी बाटली ओतून टाकायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि डब्याच्या तळाच्या नळीतून गळतं. इंजिन फुटल्यासारखं दिसतं, पण जास्तीचं ऑइल काढून फिल्टर बघितला की विषय संपतो.

पुसणं आणि पावडर

आता मुख्य काम. ओलं दिसतं तिथून गळत नसतं, हे डोक्यात पक्कं ठेवा. ऑइल खाली ओघळतं आणि गाडी पळत असताना वाऱ्यानं मागे जातं. त्यामुळे सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची असते. ती शोधायची तर आधी सगळं कोरडं हवं.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. रॉकेल किंवा डिग्रीझर, जुना ब्रश आणि भरपूर फडकी घ्या. पेट्रोल वापरू नका. गरम सायलेन्सर किंवा वायरीची एक ठिणगी पुरते. फिन्सच्या (इंजिनावरच्या पातळ पात्यांच्या) फटी, बोअरच्या मागची खोबण, पुढच्या स्प्रॉकेटचं (चेन फिरवणाऱ्या दातेरी चकतीचं) कव्हर, ड्रेन बोल्टची (ऑइल काढायच्या बोल्टची) खालची बाजू, सगळं घासा. रॉकेल टायरवर, डिस्कवर आणि वायरींच्या कपलरवर जाऊ देऊ नका. प्रेशर वॉशरनं इंजिनावर जवळून पाणी मारू नका. शेवटी साबणाच्या पाण्यानं पुसून कोरड्या फडक्यानं टिपा आणि गाडी उन्हात उभी करा.

कोरडी झाली की अंगाला लावायची साधी पावडर एका मऊ ब्रशनं जोडांवर पातळ पसरा. हेड (इंजिनाचा सगळ्यात वरचा भाग) आणि बोअरचा जोड, बोअर आणि चेंबरचा (इंजिनाच्या खालच्या भागाचा) जोड, क्लच कव्हरची कड, मॅग्नेट कव्हरची (वीज बनवणाऱ्या मॅग्नेटवरच्या झाकणाची) कड, गिअर शाफ्टभोवती, ड्रेन बोल्टभोवती. एअर फिल्टरच्या तोंडाशी आणि चेनवर पावडर नको. आधी दहा मिनिटं गाडी उभ्यानं चालू ठेवून बघा. काही दिसलं नाही तर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, कारण काही गळती इंजिन तापल्यावर आणि आरपीएम वाढल्यावरच सुरू होते. परत आल्यावर गाडी मधल्या स्टँडवरच घ्या आणि टॉर्च धरून वरून खाली बघत या.

समोरच्या घरातली मुलगी रोज पाटणला नोकरीला जाते. तिनं एकशेसाठ सीसीची नवी गाडी घेतली. डाव्या बाजूला मॅग्नेट कव्हरच्या खाली ओलं होत होतं. सर्व्हिस सेंटरनं मॅग्नेट कव्हरचं पॅकिंग बदललं, आठवड्यात परत तेच. पुन्हा नेली, तर त्यांनी कव्हरला सिलिकॉन लावून दिलं, तरीही तेच. मी तिला म्हटलं, "पॅकिंगला हात लावू नकोस, फक्त पावडर आण." पुसून पावडर लावली, ती गोळेश्वरपर्यंत जाऊन आली. मॅग्नेट कव्हरची कड पांढरीशुभ्र होती. टॉर्च बोअरच्या मागे मारला तर टायमिंग चेनच्या टेन्शनरच्या (इंजिनाच्या आतली चेन ताणून धरणाऱ्या भागाच्या) पॅकिंगपासून दोऱ्याएवढी काळी रेघ निघालेली. ती बोअरवरून उतरून चेंबरच्या वरच्या खोबणीत जमत होती, तिथे चमचाभर ऑइल साचलं होतं. गाडी साइड स्टँडवर लावली की डावीकडे कलते, साचलेलं ऑइल डाव्या कडेवरून मॅग्नेट कव्हरवर ओघळतं. दोष वर आणि मागे, डाग खाली आणि डावीकडे. तिनं त्या रेघेचा फोटो काढला, पुढच्या खेपेला तोच समोर ठेवला, टेन्शनरचं पॅकिंग बदललं गेलं आणि गाडी कोरडी झाली.

म्हणून डाग डावीकडे दिसला की आधी स्वतःला विचारा, गाडी कशी उभी होती?

कुठे कुठे बघायचं

पहिली सर्व्हिस झाल्यावरच गळती सुरू झाली असेल तर ड्रेन बोल्ट आणि ऑइल फिल्टरचं कव्हर आधी बघा. ड्रेन बोल्टचा वायसर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा असतो. तो दबून सील करतो, म्हणून दर वेळी नवा टाकायचा. जुनाच उलटा करून बसवला तर झिरपतो. फिल्टरच्या कव्हरची ओ-रिंग चिमटली गेली किंवा जुनी चिकटून राहून तिच्यावर नवी बसली तर ऑइल झिरपत नाही, धारच लागते. सर्व्हिसहून बाहेर पडल्यावर पहिल्या चौकात थांबून खाली वाकून बघायची सवय लावा.

सर्व्हिसच्या आधीपासून गळत असेल तर गोष्ट कारखान्यातली. टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) रबर नीट बसलेलं नसतं, दोन चेंबरच्या जोडावर सीलंटची (जोड बंद करणाऱ्या पेस्टची) रेघ मध्येच तुटलेली असते, किंवा सील बसवताना त्याच्या ओठाला बारीक चीर गेलेली असते. पुढच्या छोट्या स्प्रॉकेटमागचं सील गेलं तर चेन ते ऑइल घेऊन मागे उडवते आणि लोक चेन ल्यूब समजून सोडून देतात. शंका आली तर स्प्रॉकेटचं कव्हर काढायला सांगा, आत ताजं पातळ ऑइल असेल तर सील. गिअरचा शाफ्ट, किकचा शाफ्ट आणि न्यूट्रल स्विच याच भागात असतात, तेही बघून घ्या. क्वचित कास्टिंगमध्येच बारीक छिद्र असतं. जोड कोरडा आणि मधल्या सपाट भागावर ओल आली तर तेच. तिथे पॅकिंग बदलून उपयोग नाही, ते चेंबर किंवा कव्हरच बदलून मागायचं.

आणखी एक कारण आहे, ते मेकॅनिकसुद्धा विसरतात. पिस्टन खाली येतो तेव्हा चेंबरमधली हवा दाबली जाते आणि ब्रीदरच्या पाइपातून बाहेर पडते. हा पाइप दुमडला किंवा तुंबला तर ती हवा सगळ्यात कच्च्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. मग एक सील बदलला की दुसरा गळतो, तो बदलला की तिसरा. दोन वेगवेगळ्या जागांहून गळायला लागलं तर आधी ब्रीदर बघायला सांगा, विशेषतः गाडीला नंतर काही बाहेरचं सामान बसवून घेतलं असेल तर.

काय करू नका

बाहेरून सिलिकॉन किंवा एमसील थापू नका. ऑइलचा दाब आतून असतो, बाहेरचा थर सुटतोच, आणि आत गेलेला सिलिकॉनचा तुकडा ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो. शिवाय वॉरंटीचा दावा करताना तोच थर तुमच्या विरोधात पुरावा होतो.

कव्हरचे सहा एमएमचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरचे असतात, म्हणजे हातात छोटा पान्हा धरून मनगटानं आवळण्याइतके. मोठा पान्हा लावून जोर केला की ॲल्युमिनियममधले आटे उडतात. पंधरा रुपयांच्या वायसरचं काम मग चेंबरवर जातं. ड्रेन बोल्टचाही आकडा मॅन्युअलमध्ये असतो, छोट्या गाड्यांत बहुतेक २० ते ३० च्या दरम्यान. त्याहून आवळल्यानं गळती थांबत नाही.

गळतंय म्हणून जाड ऑइल घालू नका. गाडीला १०डब्ल्यू३० (हा ऑइलच्या जाडीचा क्रमांक) सांगितलं असेल तर तेच घाला, आणि बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ (JASO MA, MA2) ही मोटरसायकलच्या ऑइलची खूण बघा. मोटरसायकलचा क्लच बहुतेक गाड्यांत ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं ऑइल किंवा गळती थांबवणारं औषध घातलं तर क्लच घसरायला लागतो, एकाची दोन दुखणी होतात.

सर्व्हिस सेंटरला जाताना

पुसायच्या आधीचे फोटो काढा, पावडरवरच्या रेघेचे काढा, आणि एका फोटोत मीटरवरचे किलोमीटर येऊ द्या. पट्टीवरची पातळी लिहून ठेवा. जॉब कार्डवर (गाडी देताना तक्रार लिहून घेतात त्या कागदावर) "ऑइल लीकेज चेक" एवढंच लिहू देऊ नका. "टेन्शनरच्या जोडातून ऑइल गळती, किमी इतके, फोटो दाखवला" असं लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. तोंडी सांगितलेलं पुढच्या खेपेला कुणाला आठवत नाही, आणि दुसऱ्या खेपेला तुमच्या हातात पहिलं जॉब कार्ड असलं की बोलणं बदलतं.

सुपरवायझरला दोन गोष्टी नीट विचारा: पॅकिंग नवं टाकणार की नुसतं सीलंट लावणार, आणि जोडाच्या दोन्ही बाजू घासून साफ करणार ना. काढलेला जुना भाग निदान दाखवायला सांगा. वॉरंटीत तो कंपनीला परत जातो, त्यामुळे घरी देणार नाहीत, पण बघायला मिळतो. चिरलेला सील एकदा डोळ्यानं बघितला की मनातली शंका जाते. गाडी ताब्यात घेताना समाधानकारक काम झाल्याची सही लगेच मागतात. आधी गाडी तापेपर्यंत फिरवून आणा, खाली वाकून बघा, मग सही करा.

त्याच जागेची गळती दुरुस्तीनंतरही परत आली तर सेंटरशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, सगळी जॉब कार्डं आणि फोटो जोडा, आणि एरिया सर्व्हिस मॅनेजरनं गाडी बघावी अशी मागणी करा. ईमेलमध्ये राग नको, तारखा आणि किलोमीटर हवेत. तिथूनही दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती फुकट आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गाडी पुण्यात घेतली असली तरी. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार जायला हवी. उत्पादनातला दोष सिद्ध करायची जबाबदारी मात्र तुमच्यावर येते, आणि तिथे ती जॉब कार्डंच कामाला येतात.

गाडी परत आल्यावर

पहिल्या रात्री पुन्हा पुठ्ठा पसरा. जोडात अडकलेलं जुनं ऑइल एक-दोन दिवस झिरपतं, त्यानं घाबरू नका. पुसून टाका आणि परत येतं का ते बघा. शंभर किलोमीटरनंतर पट्टी बघा, पाचशेनंतर पुन्हा. दुरुस्तीसाठी ऑइल काढावं लागलं असेल तर ते नवं भरलंय की तेच परत, हे बिलावर आहे का बघा. घरी कधी ऑइल काढलंत तर ते गटारात किंवा शेतात ओतू नका, झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. तिथून ते पुन्हा शुद्ध करणाऱ्यांकडे जाऊ शकतं.